जुन्या-नव्या फळ्यांचा मेळ

पावसाळा सरला, दसऱ्याचे सोने वाटून झाले की पांढुर्णा आणि सौंसर येथील जुन्या घरांतून डागडुजीची लगबग सुरू होते. भिंतींना चुना लागतो, दारांना तेल चढते, आणि दिवाळी तोंडावर आली असता घरधन्याची नजर वर सज्ज्याकडे जाते. चार महिने पावसाचा मारा खाऊन तेथल्या लाकडी फळ्या करड्या पडलेल्या असतात. एखादी पायाखाली करकरते, एखादी टोकाशी भुसभुशीत झालेली असते. सुतार बोलावला जातो, चार-सहा फळ्या बदलल्या जातात; आणि मग सज्ज्याकडे पाहावे तो काय! करड्या जुन्या फळ्यांच्या मध्ये नव्या पिवळ्या फळ्या अशा उठून दिसतात की, जणू विटलेल्या धोतराला कोऱ्या मांजरपाटाचे ठिगळच लावले आहे.

हे ठिगळ डोळ्यांना खुपते. घरधनी म्हणतो, "मिस्त्री, दिवाळीच्या आत सगळं एकसारखं दिसलं पाहिजे." यावर एखादा जुना जाणता सुतार एवढेच म्हणतो, "भाऊ, एवढी घाई नका करू. नव्या लाकडाले जरा ऊन खाऊ द्या." या उत्तरात टाळाटाळ मुळीच नाही, लाकडाच्या स्वभावाची पुरती जाण आहे. जुन्या आणि नव्या लाकडाला एकाच डब्यातला रंग एकाच हाताने लावला तरी तो एकसारखा का उमटत नाही, आणि तो जुळून यावा यासाठी काय करावे, हे समजून घेण्याजोगे आहे.

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचा हा मुलूख सागवानाचा शेजारी. याच सातपुड्यातील बोरीचे सागाचे रान १८६५ सालीच सरकारने राखीव केले होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूरसह विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. पुढे २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मिळून पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला. राज्यांच्या सीमा हालल्या, पण घराची भाषा हालली नाही. तुळई, कडी, फळी, सज्जा, कठडा हे शब्द येथे आजही तेच आहेत. ज्या घरात हे सागवान अजून टिकून आहे, तेथे ते आजोबा-पणजोबांची ठेव म्हणून सांभाळले जाते. म्हणूनच त्याच्या दुरुस्तीत चूक झाली तर पैशापेक्षा मनाला अधिक लागते.

प्रथम लाकूड करडे का पडते ते पाहू. लाकडाच्या घडणीत सेल्युलोजचे तंतू असतात आणि त्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारे लिग्निन नावाचे द्रव्य असते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण या लिग्निनचे विघटन करतात. विघटन झालेला भाग पावसाच्या पाण्याने धुऊन जातो आणि पृष्ठभागावर नुसत्या तंतूंचा फिकट, करडा थर उरतो. ओलसर हवेत त्यावर सूक्ष्म बुरशी वाढते आणि करडेपणात काळसर झाक मिसळते. पण हा थर फार पातळ असतो. देवदारासारख्या मऊ लाकडाचीही उघड्यावर झीज होते ती शंभर वर्षांत साधारण सहा मिलिमीटर. सागवानाची त्याहून कमी. म्हणजे करडी दिसणारी फळी सडलेलीच असेल असे नाही. वरची पापुद्र्याएवढी साय काढली की खाली तोच जुना सोनेरी सागवान झोपलेला सापडतो.

नव्या सागाची गोष्ट उलट आहे. नुकताच रंधा मारलेला साग कधी हिरवट, कधी पट्ट्यापट्ट्यांचा, कधी अगदी फिकट दिसतो. ऊन आणि हवा लागली की काही दिवसांत, काही आठवड्यांत ते पट्टे एकमेकांत मिसळतात आणि लाकूड तांबूस सोनेरी होते. मिस्त्रीचे 'ऊन खाऊ द्या' हे म्हणणे याच कारणाने. आज फिकट दिसणाऱ्या नव्या फळीला जुनीच्या बरोबरीला आणण्यासाठी गडद रंग दिला, आणि त्याखाली लाकूड स्वतःही गडद होत गेले, तर होळीपर्यंत तीच फळी सज्ज्यात सर्वांत काळी दिसू लागते. पहिल्या दिवशी साधलेला मेळ सहा महिन्यांनी मोडतो तो असा.

दुसरे कारण लाकडाच्या तहानेचे. उन्हापावसाने जुन्या फळीची रंध्रे उघडी पडलेली असतात. ती रंग अधाशासारखा पिते. नव्या सागाच्या अंगी त्याचे स्वतःचे तेल असते आणि रंध्याच्या पात्याने त्याचा पृष्ठभाग घट्ट, गुळगुळीत झालेला असतो. तो रंग वरचेवर झिडकारतो. परीक्षा सोपी आहे. दोन्ही फळ्यांवर पाण्याचे चार-चार थेंब टाकावे. जुनीवर ते चटकन मुरतात, नवीवर मोत्यासारखे उभे राहतात. ज्याला पाणीच पटत नाही, त्याला रंग कसा पटावा?

मात्र रंगाच्या आधी बळाचा विचार झाला पाहिजे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार असते. घरोघरी पाव्हणेरावळे जमतात आणि दोन माणसांच्या सज्ज्यावर दहा माणसे कठड्याला टेकून उभी राहतात. त्या वेळी फळीचा रंग कामी येत नाही, तिचा जीव कामी येतो. म्हणून दुरुस्तीच्या वेळी प्रत्येक फळी दोन ठिकाणी तपासावी: जेथे खिळा बसला आहे तेथे, आणि जेथे तिचे किंवा कडीचे टोक भिंतीत शिरते तेथे. जाड टोचणी किंवा पेचकस दाबून पाहावा. तो चांगल्या सागात अडतो आणि कुजलेल्यात भसकन शिरतो. हातोडीच्या दांड्याने ठोकावे. निरोगी फळी खणखणते, वाळवीने पोखरलेली फळी बद् वाजते. खालच्या कड्यांनाही हीच परीक्षा लावावी, कारण नव्या फळ्या कुजक्या कड्यांवर ठोकणे म्हणजे रोग्याला नवे कपडे चढविणे होय.

येथेच जाड तैलरंगाचा धोका ध्यानात घ्यावा. जाड तैलरंगाने जुने-नवे क्षणात एक दिसते हे खरे. पण त्याच्या पडद्याआड कूज दिसत नाही, आणि पडद्याला तडा गेला की आत शिरलेले पाणी लवकर सुकत नाही. उलट, लाकडात मुरणारा पातळ रंग नस झाकत नाही. फळी काळवंडू लागली, भेगाळू लागली, तर ती तसे सांगते. उघड्या सज्ज्याला असा बोलणारा रंगच बरा.

नवे लाकूड घेताना डोळस राहावे. सागाचा गाभा टिकाऊ असतो, पण सालीलगतचा पांढुरका भाग टिकाऊ नसतो. वाळवी आणि बुरशी प्रथम त्यालाच लागतात. कोवळ्या झाडांच्या लाकडात हा पांढरा भाग पुष्कळ असतो. काही वेळा त्यावर गडद रंग चढवून तो गाभा म्हणून विकला जातो. म्हणून फळी रंगवून घेऊ नये, कोरी घ्यावी; तिची कापलेली टोके पाहावी. जाडी जुन्या फळ्यांइतकीच असावी. लाकूड नीट वाळलेले असावे, नाही तर बसविल्यावर ते आकसते आणि वाकते. दोन फळ्यांत तीन-चार मिलिमीटरांची फट ठेवावी. पाणी निथळते आणि पावसाळ्यात फुगलेल्या लाकडाला जागा मिळते. खिळ्यांऐवजी पितळी किंवा न गंजणारे स्क्रू वापरले तर पुढे काळे ओघळ येत नाहीत.

यानंतर एक युक्ती, जिला पैसाही लागत नाही. चारही नव्या फळ्या सज्ज्याच्या मध्यभागी एकत्र ठोकल्या तर ठिगळ दिसणारच. त्याऐवजी भिंतीलगतच्या, सावलीतल्या दोन-तीन चांगल्या जुन्या फळ्या उचलून दर्शनी जागी आणाव्या, आणि नव्या फळ्या भिंतीलगत किंवा जुन्यांच्या मधून मधून, एकाआड एक अशा बसवाव्या. विखुरलेला फरक डोळ्यांना नक्षीसारखा वाटतो. एकवटलेला फरक डागासारखा.

आता साफसफाई. जुन्या फळ्या साबणाच्या पाण्याने आणि काथ्याच्या किंवा नायलॉनच्या ब्रशाने, लाकडाच्या नसांच्या दिशेने घासाव्या. लोखंडी तारांचा ब्रश वापरू नये. त्याचे कण लाकडात अडकून गंजतात. करडेपणा हट्टी असेल, किंवा खिळ्यांभोवती काळे डाग असतील, तर ऑक्झॅलिक आम्लाचा उपयोग होतो. एका लिटर कोमट पाण्यात सुमारे ३० ग्रॅम आम्ल प्लॅस्टिकच्या बादलीत विरघळवावे, फळीवर ब्रशाने पसरावे, पंधरा-वीस मिनिटांनी भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. हे आम्ल विषारी आहे. रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा, मुलांना दूर ठेवावे, आणि धुतलेले पाणी विहिरीकडे किंवा गुरांच्या हौदाकडे जाऊ देऊ नये. फळ्यांवर पूर्वीचा जुना तैलरंग असेल तर तो कोरडा घासू नये. जुन्या काळच्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग इतकी खाली आणणारे नियम २०१६ साली झाले. असा रंग ओला करून खरवडावा आणि खरवड गोळा करून टाकावी.

धुतल्यावर तीन-चार दिवसांचे स्वच्छ ऊन मिळाले पाहिजे. पांढुर्णा-सौंसर भागात मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत हवा कोरडी असते. रंगकामाला हाच काळ उत्तम. दिवाळीच्या आदल्या दिवशी ओल्या लाकडावर मारलेला रंग शिमग्याला पापुद्रे सोडतो.

मग काचकागद. येथे एक बारकावा पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. खरखरीत पृष्ठभागात रंगद्रव्य अधिक अडकते, गुळगुळीत पृष्ठभागात कमी. तेव्हा झिडकारणाऱ्या नव्या फळीला ६० किंवा ८० नंबरचा जाड काचकागद मारावा, म्हणजे ती रंग धरील; आणि अधाशी जुन्या फळीला आधी जाड कागदाने करडी साय काढून मग १०० किंवा १२० नंबरच्या बारीक कागदाने आवरावे, म्हणजे ती रंग बेताने पिईल. नव्या सागावरचे तेल टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसून घ्यावे. एवढ्याने निम्मे काम होते. शक्य असल्यास नव्या फळ्या बसवून एक-दोन महिने तशाच उन्हात राहू द्याव्या आणि मग रंगाला हात घालावा.

रंग कोणता? आपल्याकडे परंपरेने बेलतेल, म्हणजे कढवलेले जवसाचे तेल, दारांना लावले जाते, आणि त्यात पिवडी, गेरू किंवा हुरमुंजी घालून हवी ती छटा आणली जाते. सावलीतल्या दाराला हे छान शोभते. पण उघड्या सज्ज्यावर नुसते जवसाचे तेल पावसाळ्यात बुरशीचे खाद्य होते आणि लाकूड काळे पडते. तेथे बुरशीरोधक द्रव्य घातलेला, बाहेरच्या कामासाठी केलेला मुरणारा रंग घ्यावा, आणि तो अगदी बिनरंगी नसावा. रंगद्रव्य ही लाकडाची छत्री आहे. अतिनील किरण तिच्यावर अडतात. लाखदाण्याचे पॉलिश मात्र उघड्यावर वापरू नये. पाणी लागताच ते पांढरे पडते.

सातपुड्यातल्या हिरड्याचाही येथे एक जुना उपयोग आहे. हिरड्याच्या काढ्यात टॅनिन असते. तो काढा नव्या फळीला लावून वाळू द्यावा आणि त्यावर लोखंडाचे खिळे व्हिनेगरमध्ये काही दिवस भिजवून केलेले पाणी फिरवावे. पाहता पाहता फळी करडी, मग काळसर होते. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची शाई करीत, तीच ही क्रिया. जुन्या फळ्या करड्याच ठेवावयाच्या असतील, तर नवीला त्यांच्या रांगेत बसविण्याचा हा मार्ग आहे. पण ही शाईच असल्यामुळे एकदा उमटली की सहजासहजी जात नाही. आधी तुकड्यावर पाहावे, पाणी पातळ ठेवावे, आणि कमी वाटल्यास पुन्हा द्यावे.

तुकड्यावर पाहणे ही तर सगळ्याच कामाची गुरुकिल्ली आहे. नव्या फळीचा उरलेला तुकडा आणि काढून टाकलेल्या जुन्या फळीचा निरोगी तुकडा, दोन्ही त्याच काचकागदाने तयार करून त्यावर रंग लावावा. एक दिवस पूर्ण वाळू द्यावा. मग सकाळी आणि संध्याकाळी, सज्ज्यावरच ठेवून, दोन्ही शेजारी शेजारी पाहावे. दुकानातल्या पुस्तिकेवरची छटा कोणाच्या तरी निराळ्या लाकडावरची असते. आपले लाकूड आपलाच निवाडा देते.

प्रत्यक्ष लावताना ऊन उतरल्यावर काम सुरू करावे. तापलेल्या फळीवर रंग मुरण्याआधीच सुकतो. एक फळी हाती घेतली की या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरी करावी. अर्ध्यात थांबले तर जोडाचा पट्टा कायमचा दिसतो. पातळ हात द्यावा, दहा-पंधरा मिनिटे थांबावे, आणि जे मुरले नाही ते फडक्याने पुसून घ्यावे. पहिला हात सर्वांना. दुसरा हात फक्त ज्या फळ्या अजून फिक्या दिसतात त्यांना. सर्वांना सारखे देणे म्हणजे सर्वांना न्याय देणे असे येथे होत नाही. ज्याला जेवढे हवे तेवढेच दिले की रांग सरळ दिसते.

काम संपल्यावर ती फडकी कोपऱ्यात गोळा करून टाकू नयेत. जवसाचे तेल सुकताना हवेतला प्राणवायू घेते आणि उष्णता सोडते. फडक्यांच्या ढिगात ती उष्णता कोंडते, वाढते, आणि काडी न लावता ढीग पेट घेतो. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला आग लागली ती अशाच तेलकट चिंध्यांतून. तीत अग्निशामक दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. अशी फडकी पाण्यात बुडवून ठेवावी, किंवा मोकळ्या जागी, एकेक सुटी पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळू द्यावी. कडबा आणि सरपण यांच्याजवळ तर ती मुळीच ठेवू नयेत.

एवढे करूनही पहिल्या वर्षी जुन्या-नव्यात थोडे अंतर राहते. ते राहू द्यावे. दरवर्षी पावसाळ्यानंतर फळ्या धुऊन, जेथे रंग विरला असेल तेथे एक पातळ हात दिला, की दोन-तीन वर्षांत हे अंतर नजरेस येईनासे होते. कारण ऊन, वारा आणि पाऊस हे कारागीर जुन्या-नव्यात भेद करीत नाहीत.

१८१७ साली मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या हाताखाली सागवानाचे एक लढाऊ जहाज बांधले गेले. त्याचे नाव ट्रिंकोमाली. आज ते इंग्लंडातील हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे. २००१ साली पुरी झालेल्या त्याच्या मोठ्या दुरुस्तीत कुजलेले लाकूड काढून नवे बसविले गेले आणि जे निरोगी होते ते मूळचे सागवान जागच्या जागी राखले गेले. जुने सरसकट फेकले असते तर ते जहाज मुंबईचे राहिले नसते; कुजलेले तसेच ठेवले असते तर ते जहाजच राहिले नसते.

पांढुर्ण्याच्या गल्लीतला लहानसा सज्जा आणि समुद्रावरचे ते गलबत यांचा न्याय एकच आहे. जे निकामी झाले ते निःशंकपणे काढावे, जे सशक्त आहे ते आदराने ठेवावे, नव्याला त्याच्या शेजारी मुरावयास अवधी द्यावा. पुढल्या पोळ्याला पाव्हणे सज्ज्यावर उभे राहतील तेव्हा कोणती फळी आजोबांची आणि कोणती परवाची, हे कोणी विचारणार नाही. पायाखाली काही करकरले नाही, एवढेच त्यांना जाणवेल; आणि घरधन्याला तेवढे पुरे.